तोंडाने दिलेलं मत

वॉलनट फोर्क, केंटकी
१२ नोव्हेंबर १८९९

माझ्या क्लेमेंट,

हवा आज दमट आहे. तंबाखूची पानं अशी मऊ पडली की तुझ्या बाबांना कोठारातून बाहेर काढणं कुणाला जमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. ते आणि पाइअस मॅटिंगली सकाळपासून देठांवरून पानं उतरवत बसलेत. मक्याची भाकरी आणि डुकराच्या मांसाचे तुकडे तिथेच नेऊन दिले. तेवढ्या वेळात, त्यांना न सांगता, हे लिहिते आहे.

पाइअस म्हणतो, शुक्रवारी काउंटीच्या निवडणूक मंडळापुढे तू साक्ष द्यायला उभा राहणार आहेस. मी म्हटलं, "काहीतरीच काय! मुलगा बापाविरुद्ध साक्ष देईल होय?" तर म्हणाला, "वहिनी, यंदा गव्हर्नर निवडायचाय, बाप नाही." शेजारी राहून चाळीस वर्षं हा माणूस असलेच विनोद करतो आहे. मी हसले. मग हातातलं भांडं तसंच धरून बराच वेळ उभी राहिले.

मतदानाच्या दिवशी तू डेमोक्रॅट पक्षाचा प्रतिनिधी म्हणून शाळेच्या दाराशी होतास, मी रस्त्याच्या कडेला बग्गीत. बायकांना त्याहून जवळ जागा नाही. जे झालं ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस, पण वकिलाच्या डोळ्यांनी पाहिलंस. म्हणून मला सांगू दे.

बाबा जन्माचे डेमोक्रॅट. यंदा पक्षाने उभा केलेला माणूस त्यांना पटला नाही. मतं मोजणारी माणसं आपल्याच हातात राहतील असा कायदा त्याने करून घेतला, हे त्यांच्या मनातून जाईना. रिपब्लिकनाला मत द्यायचं ठरल्यावर आठवडाभर त्यांच्या ताटातलं तसंच उरायचं. मी म्हटलं, "अहो, आता कागद असतो. घडी करून पेटीत टाकायचा. कुणाला कळणारसुद्धा नाही." ते म्हणाले, "तेच तर. चोरून दिलं तर मी पक्षाला फसवलं असं होईल. सांगून दिलं तर पक्ष सोडला एवढंच होईल."

आठ वर्षांपूर्वीपर्यंत या राज्यात सगळे पुरुष तोंडानेच मत देत होते. तुलाही ते दिवस आठवत असतील. टेबलाशी जायचं, नाव सांगायचं, उमेदवाराचं नाव घ्यायचं, आणि ते साऱ्या पटांगणाला ऐकू जायचं. मी सिस्टर्सच्या शाळेतून सुट्टीत घरी आले होते तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. मतदानाच्या टेबलाला टेकून संगिनी घेतलेले सैनिक उभे होते. माणसं पुटपुटत मत देत होती आणि मान खाली घालून निघून जात होती. तेवढ्यात एक कोवळा पोरगा पुढे आला आणि सैनिकांना नको असलेलं नाव असं खणखणीत बोलला, की आमच्या गाडीचे घोडे दचकले. ते तुझे बाबा. मी चेहरा नंतर पाहिला, आवाज आधी ऐकला.

तोच आवाज परवा शाळेच्या दारात आला. "इग्नेशियस ग्रीनवेल!" आणि पुढे उमेदवाराचं नाव. मग त्यांच्यामागून एकेक म्हातारा दारात थांबून ओरडू लागला, जणू जत्राच. मलाही हसू येत होतं. तू मात्र हसत नव्हतास.

कायद्याने मत गुप्त ठेवायचं असतं, मान्य. त्यांचं मत बाद होऊ दे. ओरडलेल्या म्हाताऱ्यांचीही होऊ देत. पण तुम्ही वॉलनट फोर्कची सगळी पेटीच बाद करायला निघालात, असं ऐकते. ज्यांनी गुपचूप घडी घालून कागद टाकला त्यांनी काय केलं? शुक्रवारी बोलू नकोस, बाळा. तुझ्या पक्षाकडे माणसं काय कमी आहेत? दुसऱ्या कुणाला बोलू दे.

बाबांची तब्येत चांगली आहे.

तुझी
आई


१९ नोव्हेंबर

क्लेमेंट,

मी मागच्या बाकावर होते. तू पाहिलं नाहीस.

मंडळाच्या माणसाने विचारलं, "दारात पहिल्यांदा कोण ओरडलं?" तू म्हणालास, "इग्नेशियस ग्रीनवेल." "तुमचे कोण?" तू इतक्या हळू बोललास की लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा मागून बाबा उठले आणि म्हणाले, "मोठ्याने बोल रे, मागे ऐकू येत नाही." सगळे हसले. तुझे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसेच. मग तू मोठ्याने बोललास. "वडील." आणि पुढचं सगळंही मोठ्याने बोललास. इतका मोठा जमीनदार दारात उभा राहून ओरडल्यावर साध्या माणसाला मोकळेपणाने मत देता आलं नसणार. म्हणून पेटीतलं एकही मत धरू नये.

धरलं नाही.

 परतताना नदीवरचा पूल ओलांडल्यावर बाबा बग्गीत म्हणाले, "पोरगा खोटं काही बोलला नाही." मी म्हटलं, "त्याला नाताळला बोलावते." "बोलावू नकोस. यायचं असेल तर तो आपण होऊन येईल. दार काही कुलपात नाही."

दुसऱ्या दिवशी रूबेन आला. पिंपं बनवणारा रूबेन, चर्चमध्ये आपल्या मागे काळ्या लोकांच्या बाकावर बसतो तो. मला वाटलं, दारूच्या पिंपांचं काही बोलायचं असेल. तो टोपी हातात घेऊन अंगणातच उभा राहिला. बाबा म्हणाले, "वर ये की." साऱ्या गावासारखं इग्नेशियसचं नेस करून तो म्हणाला, "इथंच बरं आहे, मिस्टर नेस."

मग म्हणाला, "आम्हाला मताचा हक्क मिळाला तेव्हा तोंडानेच द्यावं लागायचं. माझा बाप नाव घ्यायचा, आणि ज्याची जमीन कसायचा तो मालक शेजारी उभा राहून ऐकायचा. एका वर्षी बापाने मनातलं नाव घेतलं. पुढच्या हंगामात आमच्याकडे जमीन नव्हती. कागद आला तेव्हा बाप रडला. म्हणाला, आता माझं मत मला आणि देवालाच ठाऊक."

बाबा म्हणाले, "रूबेन, मी तुला ओरडायला सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलंत. मी घडी घालूनच टाकलं. तुमच्याच माणसाला टाकलं, हे आता सांगायला हरकत नाही, कारण ते मोजलंच नाही. तुम्ही ओरडलात, मिस्टर नेस, कारण तुम्हाला ओरडणं परवडतं. तुमच्या ओरडण्यात माझा कागद गेला."

तो गेल्यावर बाबा अंगणातच बसून राहिले. मी शाल नेऊन दिली, ती त्यांनी मांडीवर घडी करून ठेवली, अंगावर घेतली नाही. मला म्हणाले, "मोनिका, क्लेमेंट पण हेच सांगत होता का गं?"

 तू हेच सांगत होतास का? मनापासून सांगत होतास, की तुझ्या माणसाला मतं कमी पडत होती म्हणून? मला खरं उत्तर नको आहे. मला तू हवा आहेस.

आई


२७ डिसेंबर

माझ्या राजा,

तुझं कार्ड मिळालं. कामं आहेत, समजते. त्यावरचं चित्र सुंदर आहे, बर्फातलं चर्च. चुलीवरच्या फळीवर ठेवलंय.

नाताळच्या आदल्या दिवशी बाबा बग्गी जोडून स्टेशनवर गेले. मी विचारलं तर म्हणाले, "मीठ आणायचंय." डुकरं कापून खारवून झाली होती, घरात मिठाचं पोतं होतं. संध्याकाळची गाडी येऊन गेल्यावर परत आले. मीठ आणलं नव्हतं. मीही विचारलं नाही. जेवताना डुकराच्या मांडीचं मांस त्यांनीच कापलं, पातळ, तुला आवडतं तसं. मग आम्ही दोघं आणि पाइअस जेवलो. पाइअसने ब्लॅकबेरीची दारू जरा जास्तच घेतली आणि म्हणाला, "बघा वहिनी, आमच्या गव्हर्नरने शपथ घेतली, तरी हा नेस सुतक धरून बसलाय! जिंकून रडणारा पहिलाच माणूस पाहतोय मी."

खरंच, आमचाच माणूस खुर्चीवर बसला. पण तुम्ही लोक विधानसभेत दाद मागणार, तिथली समिती कागद पुन्हा तपासणार, असं वर्तमानपत्रात येतं. बाबांना त्याचं सोयरसुतक नाही. ते म्हणतात, "कुणीही बसो. रूबेनचं मत मोजायचं राहिलंय."

आता त्यांच्या डोक्यात आलंय की राजधानीत, फ्रँकफर्टला जाऊन त्या समितीपुढे उभं राहायचं. म्हणायचं, चूक माझी, माझं बाद करा, बाकीच्यांची मोजा. मी पुष्कळ समजावलं. थंडी, वय. तू लिहिलंस तर ऐकतील. नको जाऊ म्हणून दोन ओळी लिही. नाहीतर ये म्हणून लिही. काहीही लिही.

आई


१८ जानेवारी १९००

क्लेमेंट,

ते गेले. पाइअस बरोबर आहे, म्हणून मी जाऊ दिलं. नदीकाठी, पुलाजवळ कुणी विधवा बाई खोल्या देते, तिथे उतरणार आहेत. तुझ्या कचेरीपासून ते लांब नसावं. तू विधानसभेत कारकून आहेस हे त्यांनीच गाडीत बसताना सगळ्या डब्याला सांगितलं. "माझा मुलगा तिथेच असतो, तो सांगेल कुठे जायचं ते." पाइअस म्हणाला, "अरे लेका, तो तर तुझ्या विरुद्ध आहे!" तर म्हणाले, "विरुद्ध असला म्हणून रस्ता चुकीचा सांगेल काय?"

हे मी तुला का सांगते ते कळतंय ना? ते समितीला भेटायला गेले नाहीत. तेही काम करतील, पण गेले ते तुझ्यासाठी.

त्यांना भेट. पक्षाचं, कायद्याचं काही बोलू नकोस. त्यांच्याबरोबर बसून कॉफी घे. त्यांचा निळा शर्ट ट्रंकेच्या तळाशी आहे, ते विसरतील, त्यांना सांग. आणि मागच्या पत्रात लिहिलं नाही, पण त्यांना खोकला आहे, नाताळाआधीच्या आगमनकाळापासून. छातीला लोकरी पट्टा गुंडाळून घेतात का तेवढं पाहा.

डोंगरातून बंदुका घेतलेली माणसं आगगाड्या भरून राजधानीत येणार, अशी बोलवा आहे. फादर म्हणतात, नुसत्या गप्पा आहेत. बाबांकडे बंदूक नाही. पाइअसकडे पिस्तूल आहे, पण त्याला ते झाडता येत नाही.

आई


२ फेब्रुवारी

क्लेमेंट, तुम्ही दोघं कुठे आहात?

तुमच्या माणसावर गोळी झाडली, हे परवा स्टेशनवर कळलं. तो जगेल की नाही कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं एक गव्हर्नर, कुणी म्हणतं दोन. सैनिक उतरलेत म्हणे, आमदारांनाच विधानसभेत सोडत नाहीत. मला ह्यातलं काही नको. मला एवढंच कळव, की ते तुझ्याजवळ आहेत.

आज मेणबत्त्यांचा सण. मी चर्चमधून मेणबत्ती आणली आणि घरी येईपर्यंत वाऱ्याने विझू दिली नाही. शाळेतली सवय. सिस्टर म्हणायच्या, ज्याच्यासाठी पेटवलीत त्याचं नाव मनात धरा. दोन नावं धरली.


१० फेब्रुवारी

माझ्या बाळा,

आले! परवा पाइअसने त्यांना घरी आणलं. अंगात ताप आहे, बसल्या जागी धाप लागते, पण आले. गोळीबारानंतर शहरात दिसेल त्या खेडुताला धरत होते म्हणे. पाइअसच्या कमरेला ते पिस्तूल, मग काय! दोघांनाही तंबाखूच्या एका थंडगार गोदामात कोंडलं. खाली दगडी फरशी. चार दिवसांनी सोडलं. कुणाची माणसं होती तेही त्यांना ठाऊक नाही. दंडाला फडकी बांधलेली होती, एवढंच.

मी आधी तुझंच विचारलं. "क्लेमेंट भेटला?"

ते म्हणाले, "तो फ्रँकफर्टला नव्हताच. कचेरीने त्याला लुईव्हिलला पाठवलं होतं, कागद आणायला."

अरे, माझ्या छातीवरचा दगड उतरला! मी इतके दिवस नाही नाही ते मनात आणत होते. तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस ते पत्र मिळालंच नाही म्हणून. तू त्या धुमश्चक्रीत नव्हतास, सुखरूप होतास. मी पाइअसला म्हटलं, "बघा, माझा मुलगा तसा नाही." पाइअस चुलीकडे पाहत होता. म्हणाला, "हो वहिनी. लुईव्हिलला." आणि घरी निघून गेला, कॉफीसुद्धा घेतली नाही.

समितीने बाबांना बोलू दिलं नाही. लेखी आणा म्हणाले. त्यांनी लेखी दिलं नाही. ह्यावर मी रागावणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून रागावता आलं नाही.

डॉक्टर रोज येतो. दोन्ही फुप्फुसांत भरलंय म्हणतो. क्लेमेंट, लुईव्हिलहून परतला असशील तर लगेच नीघ. ते झोपेत कुणाशी तरी बोलतात. शब्द कळत नाहीत, इतका बारीक आवाज झालाय.

आई


६ मार्च

क्लेमेंट,

तुझी तार पोचली आणि पत्रही. तार दफनाच्या दुसऱ्या दिवशी आली. रस्ते बंद होते असं तू लिहितोस. असतील.

ते राखेच्या बुधवारी गेले. फादर सकाळी येऊन त्यांच्या कपाळाला राख लावून गेले होते, ती मी पुसली नाही.

शवपेटीजवळ बसायला माणसं आली तेव्हा जो तो विचारी, "क्लेमेंट कुठाय?" मी सांगत होते, लुईव्हिलला आहे, कळवलंय. पाइअस कोपऱ्यात बसून होता. बाकीचे गेल्यावर मी त्याला म्हटलं, "पोराच्या नशिबात बापाचं तोंड पाहणं नव्हतं. तेव्हाही नेमका लुईव्हिलला, आताही..." तर तो मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

त्याने मला सांगितलं, क्लेमेंट. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मीच लिहिते.

गोदामात त्यांना विचारलं, या शहरात तुमची ओळख देणारा कुणी आहे? बाबा म्हणाले, "आहे की. माझा मुलगा." आणि तुझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी तुला बोलावून आणलं. तू दारात उभा राहिलास. मागे तुझ्या कचेरीतले दोघं होते. तुमच्या माणसाला गोळी लागून एक रात्र उलटली होती. फडकंवाला म्हणाला, "हा म्हातारा म्हणतो तुम्ही त्याचा मुलगा." तू बाबांकडे पाहिलंस. पाइअस म्हणतो, नीट पाहिलंस. आणि म्हणालास, "मी यांना ओळखत नाही."

फडकंवाल्याने बाबांच्या खांद्याला धरलं. "काय रे म्हाताऱ्या, खोटं बोलतोस?"

बाबा उठून उभे राहिले. पाइअस म्हणतो, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असे बोलले. "चुकलो, साहेब. म्हातारी नजर. उजेडाला पाठ होती, मला वाटलं माझाच मुलगा. हा तो नव्हे. माझा मुलगा लुईव्हिलला आहे. हे गृहस्थ सज्जन दिसतात, त्यांना कशाला त्रास?"

मग तू गेलास.

त्या गोदामात त्यांनी ते जुळवलं आणि घरापर्यंत जपून आणलं. मला सांगताना एकदाही अडखळले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी म्हणायचे, "क्लेमेंट येतोय हं, लुईव्हिलहून निघाला असेल." तेव्हा ते माझा हात धरून म्हणायचे, "लांब आहे गं. घाई करू नको त्याला."

तू भ्यालास, हे मला कळतं. त्या दिवशी "हो, हे माझे वडील" म्हटलं असतंस तर तुझी नोकरी गेली असती, कदाचित जीवही गेला असता. हे सगळं मी स्वतःला समजावून पाहिलं. रोज जपमाळ घेऊन बसते आणि समजावते. पटतंसुद्धा. तरीही पटल्यावर काही उरत नाही. तुझा राग आला असता तर बरं झालं असतं, निदान घरात काहीतरी असतं.

तुझ्या जागी रूबेनने खांदा दिला. चर्चमध्ये काहींनी माना वळवल्या. दफनानंतर तो मला म्हणाला, "मिस मोनिका, मिस्टर क्लेमेंटना यायला जमलं नाही का?" मी म्हटलं, तो लुईव्हिलला आहे. माझ्या तोंडून पहिल्यांदाच ते जाणूनबुजून निघालं. पाइअस शेजारून लगेच म्हणाला, "तिकडे बर्फ फार पडलाय, गाड्याच बंद आहेत." आता हे सगळ्या वॉलनट फोर्कला माहीत आहे. लोक माझी विचारपूस करतात आणि तुझी कीव करतात.

तू लिहितोस की ईस्टरला येऊन मला सगळं समोरासमोर सांगायचंय, मन मोकळं करायचंय. विधानसभेने निकाल फिरवला, तुझा पक्ष जिंकला, तुझ्या माणसाला मेल्यावर सगळं राज्य गव्हर्नर म्हणतं, पण तुला झोप नाही, असं लिहितोस. वाचून जीव तुटला. पोटचा आहेस.

पण सांगू नकोस. त्यांनी जे उभं केलंय ते तुझं मन मोकळं व्हावं म्हणून पाडू देणार नाही मी. त्यांचं दुसरं काही माझ्याजवळ राहिलेलं नाही. फादरसमोर गुडघे टेकून हवं ते बोल, फ्रँकफर्टमध्ये. या घरात नाही. इथे तुला कुणी वाकडं बोलणार नाही. मी जेवायला वाढीन. तुझी खोली आहे तशीच आहे. लोक येतील, पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, गाड्या बंद पडल्या त्याला तू तरी काय करणार. तुला मान हलवावी लागेल. मी शेजारी बसलेली असेन.

ते सोसत असेल तर ये. पण यायचं असेल तर लुईव्हिलहून येणाऱ्या गाडीनेच उतर.

आई